शेतावरच्या लिलावातील जुने ट्रक आणि मोटारी : आयोवा-इलिनॉयमधील विक्रीपद्धतीचे परीक्षण

अमेरिकेच्या मध्यभागातील एखादा शेतकरी निवर्तला किंवा म्हातारपणामुळे त्याने शेती थांबवली, की त्याची अवजारे, ट्रॅक्टर, मळणीयंत्रे, ट्रक आणि मोटारी बहुधा एकाच दिवशी, त्याच्याच अंगणात, जाहीर बोलीने विकल्या जातात. आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का, मिनेसोटा या राज्यांत हिवाळा सरता सरता, पेरणीच्या तोंडावर, असे लिलाव सर्वाधिक होतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, कापणीपूर्वी, त्यांची दुसरी लाट येते. जुनी अमेरिकी मोटार किंवा पिकअप घेऊ इच्छिणाऱ्यापुढे डीलर, संकेतस्थळे, मोठ्या शहरांतील दिमाखदार लिलाव असे इतरही मार्ग असतात. तरीही पैशाला सर्वांत प्रामाणिक माल जर कुठे मिळत असेल, तर तो शेतावरच्या लिलावातच मिळतो, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गाडीचा मालक कसा होता याचा पुरावा तेथे गाडीच्या शेजारीच उभा असतो. हे परीक्षण कोणा एका लिलाव कंपनीचे नाही. पूर्व आयोवा आणि पश्चिम इलिनॉयमध्ये जवळून पाहिलेल्या या विक्रीपद्धतीचे ते आहे. ट्रॅक्टर आणि इंजिनांच्या कारखान्यांमुळे मोलीन, पिओरिया किंवा इंडियानातील कोलंबस येथे येऊन राहिलेल्या मराठी वाचकांना ते विशेष उपयोगी पडावे.

गाडीकडे वळण्यापूर्वी शेत पाहावे, हा माझा पहिला आग्रह आहे. विक्रीच्या दिवशी गाड्या शेडमधून काढून, धुऊन पुसून गवतावर ओळीने लावलेल्या असतात आणि अशा ओळीत उभी असलेली कोणतीही गाडी थोडी देखणीच दिसते. खरी माहिती ती ज्या शेडमधून बाहेर आली तेथे असते. शेडची जमीन काँक्रीटची आहे की मातीची, छत गळते का, गाडी जेथे उभी असे तेथे तेलाचा डाग केवढा आहे आणि तो जुना आहे की ताजा, हे नीट पाहून घ्यावे. मातीच्या ओलसर जमिनीवर अनेक हिवाळे काढलेली गाडी वरून कोरडी दिसली, तरी तिच्या ब्रेकच्या नळ्या आणि तळाचा पत्रा गंजाने पोखरलेला असण्याची शक्यता मोठी असते. कामाच्या बाकावर पाने आकारानुसार टांगलेले आहेत की एका बादलीत कोंबलेले आहेत, वापरलेल्या फिल्टरवर तारीख लिहिण्याची सवय मालकाला होती का, सुट्या भागांच्या डब्यांवर नावे आहेत का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. ज्याने नांगराचा फाळ तेल लावून ठेवला, त्याने ट्रकच्या इंजिनाकडे दुर्लक्ष केले असेल, असे सहसा होत नाही.

आयोवातील सीडर काउंटीत मी पाहिलेल्या एका लिलावात १९७२ चा शेव्हरोले सी-२० पिकअप होता. मूळचा हिरवा रंग उन्हाने पांढुरका पडलेला, हौद्याच्या तळाशी गवताच्या भाऱ्यांनी घासून चकाकी आलेली आणि डाव्या दाराला गोठ्याच्या फाटकाने आलेला खोल पोचा, असे त्याचे रूप होते. शेडच्या दारामागच्या फळीवर मालकाने प्रत्येक वाहनाचा वेगळा रकाना पेन्सिलने आखला होता आणि त्यात तारीख, मैलांचा आकडा, तेल बदलल्याची खूण आणि अधूनमधून पाण्याचा पंप किंवा क्लच बदलल्याची नोंद होती. शेवटच्या नोंदीतील आकडा गाडीच्या मीटरशी जुळत होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पाच आकड्यांचे ते मीटर पूर्वी एकदा शून्यावर येऊन पुन्हा सुरू झाले आहे, हेही त्या फळीवरून कळत होते. ग्लव्ह बॉक्सच्या झाकणामागे कारखान्याने चिकटवलेला कागद शाबूत होता. २९२ घन इंचांचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि चार गिअरचा भक्कम गिअरबॉक्स मूळचाच आहे, याची खात्री त्यावरून पटत होती. जाहिरातीत मात्र या पिकअपबद्दल जेमतेम एक ओळ होती आणि तीत इंजिन आठ सिलिंडरचे असल्याचे चुकीने छापले होते. ज्यांनी ती फळी वाचली होती, ते बोलीत शेवटपर्यंत टिकले. पिकअप ४,१०० डॉलरला गेला. वरून ताजा रंग मारलेला आणि पूर्वेतिहासाचा पत्ता नसलेला तसाच पिकअप शहरातील डीलरकडे याहून कितीतरी महाग मिळतो, आणि तो घेताना अशी एकही नोंद हाती लागत नाही.

शेतावरच्या वाहनांचा वापर कसा झाला, हे समजल्याशिवाय त्यांची किंमत करता येत नाही. पिकअपला रोजचे काम असे, पण ते थोड्या अंतराचे आणि कमी वेगाचे. कुंपणाचे खांब, बियाण्याची पोती, डिझेलची टाकी वाहून नेणे आणि खडीच्या रस्त्याने गावापर्यंत जाऊन येणे. त्यामुळे मैल कमी आणि झीज जास्त, असा प्रकार आढळतो. क्लच, स्टिअरिंगचे सांधे आणि स्प्रिंगचे पाटे दमलेले असतात, पण इंजिन बहुधा ठणठणीत असते. धान्याच्या ट्रकला मात्र रोजचे काम नसे. शेव्हरोले सी-६०, फोर्ड एफ-६०० किंवा इंटरनॅशनल लोडस्टार १६०० यांसारखे, मागे एकच धुरा आणि उचलता येणारा हौदा असलेले ट्रक वर्षातील काही आठवडेच रस्त्यावर येत. कापणीच्या वेळी मळणीयंत्रातून मका किंवा सोयाबीन भरून घ्यायचे, गावातील धान्यकोठारापर्यंत न्यायचे, हौदा उचलून रिकामे करायचे आणि हंगाम संपला की पुन्हा शेडमध्ये शिरायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. पन्नास वर्षांच्या अशा ट्रकच्या मीटरवर चाळीस-पन्नास हजार मैल दिसले आणि ते खरे असले, तर त्यात नवल नाही.

आता शेते मोठी झाली आहेत आणि धान्य मोठ्या ट्रेलरमधून वाहिले जाते, त्यामुळे या लहान ट्रकांना शेतकऱ्यांमध्ये फारसे गिऱ्हाईक उरलेले नाही. संग्राहकांनाही ते नकोसे वाटतात, कारण त्यांची लांबी घराच्या गॅरेजमध्ये मावत नाही आणि पेट्रोलचा खर्च परवडत नाही. म्हणूनच लिलावातील सर्वांत स्वस्त आणि माझ्या दृष्टीने सर्वांत उपेक्षित माल हाच आहे. चालू स्थितीतील, हौदा व्यवस्थित उचलणारा ट्रक दोन हजार डॉलरच्या आत जाताना पाहिला की वाईट वाटते, कारण घेणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे हौदा आणि हायड्रॉलिक सामान काढून घेतात आणि उरलेला सांगाडा भंगारात देतात.

इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या गाड्यांविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण त्या या प्रदेशाच्या खऱ्या लेकी आहेत. ही कंपनी ट्रॅक्टर आणि ट्रक दोन्ही बनवत असे आणि पुष्कळ गावांत ते एकाच दुकानात विकले जात. त्यामुळे लाल ट्रॅक्टर घेणारा शेतकरी पिकअपही तेथूनच घेई आणि दोघांचे सुटे भाग एकाच काउंटरवर मागत असे. तिच्या पिकअपचे उत्पादन १९७५ मध्ये बंद झाले आणि स्काउट ही चौकोनी, चारही चाकांना जोर देणारी गाडी १९८० मध्ये थांबली. इलिनॉयमधील रॉक आयलंड येथील तिच्या फार्मऑल कारखान्यातून १९८५ मध्ये शेवटचा ट्रॅक्टर बाहेर पडला, आणि त्याच वर्षी कंपनीचा शेती विभाग विकला गेला. आपल्याकडच्या वाचकांना हे नाव परके नसावे. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि तिचा बी-२७५ महाराष्ट्राच्या शेतांत कित्येक वर्षे राबला. त्याच कंपनीचा १९६९ चा पिकअप आयोवातील चिखलात उभा असलेला पाहताना जी जवळीक वाटते, ती मला शेव्हरोले किंवा फोर्डबद्दल वाटत नाही, हे मान्य करते.

तथापि जवळीक वाटली म्हणून बोली वाढवू नये. इंटरनॅशनलची ३०४, ३४५ आणि ३९२ घन इंचांची आठ सिलिंडरची इंजिने अतिशय टणक आहेत, आणि ती मोठ्या ट्रकांतही वापरली गेल्यामुळे त्यांचे भाग अजून सापडतात. पण त्या गाड्यांचा पत्रा लवकर सडतो आणि दारे, मडगार्ड, केबिनचे कोपरे मिळवताना दमछाक होते. शेव्हरोले आणि फोर्डचे जवळजवळ सगळे पत्रे आज नवे बनवून मिळतात. पत्रा चांगला आणि इंजिन जाम असलेला इंटरनॅशनल मी खुशाल घ्यावा म्हणेन. इंजिन चांगले आणि पत्रा सडलेला असेल, तर तो सोडून द्यावा. स्काउटचे भाव आता इतके चढले आहेत की शेतावरच्या लिलावातही ती स्वस्त मिळेल अशी आशा धरू नये. एक स्काउट जाहिरातीत आली, की तीन राज्यांतून माणसे येतात.

विक्रीची पद्धत पहिल्यांदा जाणाऱ्याला गोंधळात टाकणारी आहे, म्हणून ती समजावून सांगते. आधी कारकुनाच्या ट्रेलरपाशी ओळखपत्र दाखवून बोलीचा क्रमांक घ्यावा लागतो. सुरुवात गाड्यांपासून होत नाही. गवताच्या भाऱ्यांसाठी वापरतात त्या सपाट गाड्यांवर मांडलेले पाने, साखळ्या, खिळ्यांचे डबे, जुन्या पाट्या हे किरकोळ सामान आधी विकले जाते, मग अवजारे आणि बहुधा दुपारच्या सुमारास ट्रक व मोटारी. लिलावकर्ता अखंड लयीत बोलत असतो, पण त्या प्रवाहात कामाचे आकडे दोनच असतात : हाती आलेली बोली आणि त्याला हवी असलेली पुढची बोली. बाकी शब्द ताल धरण्यासाठी असतात. गर्दीत उभे असलेले त्याचे सहकारी बोली टिपतात आणि आरोळी देऊन कळवतात. आपल्याकडे 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणून जी उसंत मिळते, ती येथे मिळेलच असे नाही. पुढची बोली आली नाही, तर क्षणात 'विकले' म्हणून तो पुढच्या गाडीकडे वळतो.

या पद्धतीच्या प्रामाणिकपणाला कायद्याचाही आधार आहे. जवळजवळ सर्व राज्यांनी स्वीकारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारी कायद्याच्या २-३२८ या कलमानुसार, वस्तू राखीव किमतीविना, म्हणजे किमान किमतीची अट न ठेवता, विकली जात आहे असे स्पष्टपणे सांगितले असेल, तर बोली मागितल्यानंतर विक्रेत्याला ती वस्तू मागे घेता येत नाही. वाजवी वेळात एकही बोली आली नाही, तरच ती मागे घेता येते. असे स्पष्ट सांगितलेले नसेल, तर विक्री राखीव किमतीची धरली जाते. विक्रेत्याने आधी न कळवता स्वतःच बोली लावून किंमत फुगवली आणि लिलावकर्त्याने ती जाणूनबुजून घेतली, तर खरेदीदाराला व्यवहार मोडण्याचा किंवा शेवटच्या खऱ्या बोलीच्या किमतीला माल घेण्याचा हक्क असतो. शेतकऱ्याच्या मालमत्तेच्या विक्रीत बहुधा सर्व काही निकालात काढायचे असल्यामुळे राखीव किंमत ठेवली जात नाही, आणि म्हणूनच बाजारभाव जसा आहे तसा समोर येतो. जाहिरातीत मात्र 'राखीव किमतीविना' हे शब्द आहेत की नाहीत, ते आधी वाचून घ्यावे.

कुटुंबातील कोणी बोली लावतो तेव्हा गर्दी कशी वागते, हा माझ्या मते या लिलावांचा सर्वांत चांगला गुण आहे. आजोबांचा फोर्ड एफ-१०० नातवाला हवा असेल, तर तो पुढे येऊन उघडपणे बोली लावतो, लिलावकर्ता ते एका वाक्यात सांगतो आणि आजूबाजूचे शेतकरी हात खिशात घालून गप्प राहतात. बाहेरून आलेला एखादा व्यापारी बोली चालू ठेवतोही. त्याला कोणी अडवत नाही, पण त्या दिवशी त्याच्याशी फारसे कोणी बोलतही नाही. या संयमाला जुना वारसा आहे. १९३० च्या दशकातील महामंदीत बँकांनी जप्त केलेल्या शेतांच्या लिलावांत नेब्रास्का, आयोवा आणि शेजारच्या राज्यांतील शेतकऱ्यांनी ठरवून काही पैशांच्या बोली लावल्या, इतरांना बोली लावू दिली नाही आणि घेतलेला माल मूळ मालकाला परत केला. १९८० च्या दशकात कर्जे थकून पुन्हा हजारो कुटुंबांनी शेती गमावली, तेव्हाही याच अंगणांत लिलाव झाले. त्या काळाची आठवण असलेली माणसे आजही गर्दीत असतात, म्हणून येथे गाडी घेणाऱ्याने मालकाच्या कुटुंबासमोर गाडीला नावे ठेवू नयेत. दोष मनात टिपून ठेवावेत आणि ते बोलीच्या आकड्यातून व्यक्त करावेत.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेली विक्री म्हणजे नेब्रास्कातील पियर्स या छोट्या गावात २०१३ च्या सप्टेंबरअखेरीस दोन दिवस चाललेला लॅम्ब्रेक्ट शेव्हरोलेचा लिलाव. रे आणि मिल्ड्रेड लॅम्ब्रेक्ट या दांपत्याने १९४६ ते १९९६ अशी पन्नास वर्षे ती एजन्सी चालवली. वर्ष संपताना न विकल्या गेलेल्या नव्या गाड्या आणि बदल्यात आलेल्या जुन्या गाड्या त्यांनी साठवून ठेवल्या, त्यांपैकी बऱ्याच उघड्या शेतात. सुमारे पाचशे गाड्या व्हॅनडरब्रिंक या लिलाव कंपनीने राखीव किमतीविना विकल्या. फक्त १.३ मैल चाललेला १९५८ चा शेव्हरोले कॅमिओ पिकअप १,४०,००० डॉलरला गेला आणि अकरा मैल चाललेली १९६३ ची इम्पाला ९७,५०० डॉलरला. हे आकडे ऐकून आजही अनेक जण प्रत्येक शेडमध्ये न वापरलेली गाडी दडलेली असेल अशा आशेने येतात. पण तेथे लोकांनी त्या कथेचे पैसे मोजले होते. शिवाय दशकानुदशके उभी राहिलेली कोरी गाडी चालवण्यायोग्य नसते : रबर कडक होते, टाकीतील पेट्रोलचा डिंक होतो, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात. ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने दर महिन्याला धान्यकोठारापर्यंत जाऊन येणारा पिकअप घ्यावा. मला त्याची किंमत अधिक वाटते.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार टायटलविषयी, म्हणजे राज्याने दिलेल्या मालकीच्या दाखल्याविषयी आहे. मालक मृत असेल, तर टायटलवर न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाची सही लागते आणि त्याच्या नेमणुकीचे कागद सोबत लागतात. एका लिलावात १९६६ च्या फोर्डचे टायटल सापडत नसल्याचे कंपनीने पुकारा सुरू होताना माइकवरून सांगितले. छापील जाहिरातीत त्याचा उल्लेखही नव्हता. नियमानुसार 'विक्रीच्या दिवशी केलेली घोषणा छापील मजकुरापेक्षा वरचढ' असल्यामुळे कंपनीवर बोट ठेवता येत नव्हते, पण वारा जोराचा होता, मागे उभ्या असलेल्यांना घोषणा ऐकू गेली नाही, आणि ज्याने गाडी घेतली त्याला ही गोष्ट पैसे भरताना कळली. हे अजिबात योग्य नाही. टायटलची प्रत आणि चासी क्रमांक आठवडाभर आधी प्रसिद्ध करणे कोणत्याही कंपनीला अवघड नाही, आणि जी कंपनी ते करत नाही तिला या बाबतीत मी नापासच करीन. सतरा आकडी चासी क्रमांक १९८१ च्या मॉडेल वर्षापासून प्रमाणित झाला. त्यापूर्वीचे क्रमांक लहान असतात आणि एक अक्षर चुकीचे नोंदले गेले तरी नोंदणी कार्यालयात महिने जातात. म्हणून गाडीवरील पट्टी आणि कागद ताडून पाहिल्याशिवाय बोली लावू नये. मैलांचा आकडा लेखी मिळेलच असे नाही. २०१० पर्यंतच्या मॉडेल वर्षांच्या गाड्यांना मीटरची माहिती लेखी देण्याच्या केंद्रीय नियमातून सूट आहे.

दुसरी तक्रार ऑनलाइन विक्रीची. २०२० नंतर अनेक लिलाव अंशतः किंवा पूर्णतः ऑनलाइन झाले, आणि दूर राहणाऱ्यांची सोय झाली हे खरे आहे. पण मी वर ज्या फळीचे वर्णन केले, ती छायाचित्रांत दिसली नसती. चाळीस छायाचित्रांत एकही तळाचे नसते. पाहणीसाठी दिलेले एक-दोन दिवस आठवड्याच्या मध्यात असतात, ते नोकरदार माणसाला गैरसोयीचे आहेत. शिवाय ऑनलाइन खरेदीवर बोलीच्या वर काही टक्के शुल्क घेतले जाते. ते दहा टक्के असेल, तर ४,००० डॉलरची बोली प्रत्यक्षात ४,४०० डॉलरची होते, आणि त्यावर कर व वाहतूक वेगळी. अंगणात उभे राहून बोली लावणाऱ्याकडून पुष्कळ कंपन्या हे शुल्क घेत नाहीत, त्यामुळे शक्य असेल तर स्वतः जाणेच शहाणपणाचे.

पाहणी करताना पत्र्याला पहिले प्राधान्य द्यावे. पिकअपच्या केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालच्या पट्ट्या आणि पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. आवाज बसका आला, तर आत पुट्टी (गंजाची भोके बुजवण्याचा लेप) भरलेली आहे असे समजावे. खत किंवा शेण वाहिलेल्या गाडीची चासी मागच्या चाकांच्या वर आतून कुजते, म्हणून हौद्याखाली आडवे होऊन बॅटरीच्या उजेडात पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले, तर पाणी मिसळलेले आहे. या भागातील हिवाळ्यात शीतकाऐवजी साधे पाणी राहिले असेल, तर इंजिनाचा ठोकळाच तडकलेला असू शकतो. इंजिन सुरू होत नसेल, तर क्रँकच्या पुलीला पाना लावून ते फिरते का, हे कोणाची तरी परवानगी घेऊन पाहावे. उंदरांनी डॅशबोर्डमागील तारा कुरतडलेल्या नसतील, असा जुना ट्रक विरळाच, आणि आत बसताच घरट्याचा वास आला, तर वायरिंगचा खर्च धरूनच चालावे. १९६७ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत ब्रेकचा एकच मार्ग असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात, याचे भान ठेवून पहिले काम ब्रेकचेच काढावे.

धान्याच्या ट्रकांबाबत एक इशारा गंभीरपणे द्यायला हवा. त्यांच्या चाकांवर जुन्या पद्धतीच्या, तुकडे जोडून बनवलेल्या रिम असू शकतात. गंजलेल्या किंवा नीट न बसलेल्या अशा रिमचा तुकडा हवा भरताना प्रचंड जोराने सुटतो आणि त्याने माणसे मेली आहेत. त्यांतील आरएच-५ प्रकार सर्वांत कुप्रसिद्ध आहे. शेतात उभ्या असलेल्या ट्रकच्या चाकात पंप लावून हवा भरण्याचा मोह टाळावा, आणि अशी रिम दिसली तर नव्या चाकांचा खर्च किमतीतून आधीच वजा करावा. टायरवरील निर्मितीच्या आकड्यांत शेवटी चार अंक असतील, तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तीनच अंक असतील, तर ते टायर गेल्या शतकातील आहेत.

दिवसाच्या इतर सोयींबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मार्चमधला वारा उघड्या शेतावर हाडांपर्यंत पोहोचतो आणि चिखल घोट्यापर्यंत असतो, तेव्हा रबरी बूट घालून जावे. जेवणाची व्यवस्था बहुधा गावचे चर्च किंवा शाळकरी मुलांचा शेती क्लब करतो. मोकळ्या खिम्याचे सँडविच, कॉफी आणि घरी केलेले 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, मिळतात. हे 'पाय' उत्तम असतात. शाकाहारी माणसाने डबा न्यावा.

गुण द्यायचे झाले तर मालाच्या खरेपणाला मी पाचपैकी पाच देईन, किमतीला चार, कागदपत्रांच्या व्यवस्थेला दोन आणि ऑनलाइन स्वरूपाला अडीच. दुरुस्तीचे थोडेफार ज्ञान असलेल्या किंवा ते शिकण्याची तयारी असलेल्या माणसाने डीलरकडे जाण्यापूर्वी अशा एखाद्या विक्रीला नुसते पाहायला म्हणून जावे. ज्याला गाडी घेतल्या दिवशी महामार्गावर चालवायची आहे, त्याच्यासाठी ही जागा नाही. माल जसा आहे तसा आणि जिथे आहे तिथे विकला जातो. पैसे त्याच दिवशी, रोख किंवा धनादेशाने, चुकते करावे लागतात, आणि अनोळखी खरेदीदाराकडे अनेकदा बँकेचे पत्र मागितले जाते. गाडी नेण्याची मुदतही थोडी असते, कारण शेत बहुधा आधीच विकलेले असते आणि नव्या मालकाला अंगण मोकळे हवे असते. ट्रेलरवाला आधी बोलावून ठेवावा, बॅटरी, दोर आणि जॅक सोबत न्यावेत, आणि शेतापासून घरापर्यंतचे मैल मोजून वाहतुकीचा भाव पक्का केल्यावरच बोलीसाठी हात वर करावा.